गाळा शोधण्याआधी कढई ठरवा: खान्देशात शाकाहारी फास्ट फूड सेंटर टाकताना

फास्ट फूड सेंटर टाकायचं म्हटलं की लोक आधी गाळा बघतात, मग नाव, मग फ्लेक्स, आणि विकायचं काय ते सगळ्यात शेवटी. क्रम नेमका उलटा हवा. भट्ट्या किती लागतील, वीज किती, पाणी किती, माणसं किती हे मेनूवरून ठरतं. मेनू कागदावर आला की मगच समोरचा गाळा पुरेल की नाही ते सांगता येतं. दहा बाय पंधराच्या जागेत वडापाव, डोसा, पावभाजी, चायनीज, पिझ्झा असं सगळं कोंबलं तर बोर्ड भरगच्च दिसतो आणि कढई थंड राहते.

मेनू: एक कढई, एक रस्सा, एक तवा

सुरुवातीला सात-आठ पदार्थ पुष्कळ झाले, आणि तेही एकमेकांचा माल वापरणारे हवेत. कढईतून वडा, मिरची भजी, समोसा. एका रश्श्यातून मिसळ, रस्सा-वडा आणि शेवभाजी. सकाळी पोहे. तवा परवडला तर संध्याकाळी पावभाजी. बेसन, बटाटा, कांदा, पाव आणि शेव एवढ्या पाच मालांवर यातलं बहुतेक उभं राहतं, त्यामुळे माल पडून सडत नाही.

डोसा पहिल्या वर्षी टाळलेला बरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 वर जातो. सकाळी बाहेर काढलेलं पीठ दुपारपर्यंत आंबून फसफसतं. त्याला वेगळा फ्रीज, वेगळा ग्राइंडर आणि वेगळा कारागीर लागतो. चायनीजचीही तीच गत, त्याची भट्टी आणि हात दोन्ही निराळे.

शेवभाजी मात्र खान्देशातल्या सेंटरवर असलीच पाहिजे, आणि ती खऱ्या अर्थाने फास्ट फूड आहे: रस्सा गरम असेल तर दीड मिनिटात प्लेट समोर. भाकरी-पोळीच्या मागे स्वतः लागू नका. पाव ठेवा, आणि गिऱ्हाईक पोळी मागत असेल तर जवळच्या बचत गटाकडून सकाळी अकराच्या आत मोजून पोळ्या घ्या. भरीत-पुरी हा हंगामी पदार्थ आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं हिरवं-पांढरं भरताचं वांगं थंडीतच खरं लागतं. एक किलो वांग्यातून साल-देठ आणि पाणी जाऊन सुमारे 600 ग्रॅम गर हाती येतो, दर लावताना हे धरा. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजल्याची चव गॅसवर येत नाही, आणि गाळ्यात पऱ्हाट्या पेटवता येत नाहीत. म्हणून वांगी बाहेरून भाजून आणण्याची सोय बघा, नाहीतर हा पदार्थ सोडून द्या. उन्हाळ्यात बेचव भरीत विकून नाव खराब करण्यात अर्थ नाही.

एका वड्याचा हिशेब

प्रत्येक पदार्थाचा खर्च ग्रॅममध्ये काढा. नमुन्यादाखल 100 वडापाव घेऊ. दर तुमच्या गावचे घाला, वजनं हीच ठेवा.

कच्चा बटाटा 6 किलो. उकडून, सोलून, डागी भाग काढून 5.1 किलोच्या आसपास उरतो. त्यात मिरची, लसूण, आलं, कोथिंबीर, फोडणी मिळून 400 ग्रॅम, म्हणजे साडेपाच किलो भाजी, वड्याला 55 ग्रॅम. बेसन 1.8 किलो. वडे पिऊन जाणारं तेल साधारण 1 किलो. समजा बटाटा 25 रुपये किलो, बेसन 100, तेल 150, पाव नगाला 3 रुपये. बटाट्याचे 150, मसाल्याचे 80, बेसनाचे 180, तेलाचे 150, पावाचे 300, चटणीचे 100, कागद-डिशचे 50. बेरीज 1010. म्हणजे गॅस न धरता एका वडापावात 10 रुपये 10 पैशांचा माल आहे. 20 रुपयांना विकला तर निम्मे पैसे मालातच गेले. 25 ला विकला तर 40 टक्के.

मालाचा खर्च विक्रीच्या 35 ते 40 टक्क्यांत बसवा. पगार 18-20, भाडं 10-12, गॅस-वीज 8 ते 10 आणि नासाडी-पॅकिंग 5 टक्के धरलं की हातात 15-20 टक्के राहतात. वडापाव या चौकटीत बसत नसेल तर दर वाढवण्याआधी मिसळ आणि भजीकडे बघा. वड्याने गिऱ्हाईक येतं, पैसा रश्श्यात आणि चहात सुटतो.

आता गळती कुठे होते ते बघा. कारागिराचा हात मोठा असेल तर 55 ऐवजी 70 ग्रॅमचा गोळा पडतो. डोळ्याला फरक कळत नाही. शंभर वड्यांमागे दीड किलो भाजी जास्त जाते, म्हणजे वरच्या दराने 63 रुपये. दिवसाला 300 वडे असतील तर महिन्याला साडेपाच हजारांच्या वर, आणि जास्तीचं बेसन-तेल त्याहून वेगळं. उपाय साधा: आइस्क्रीमचा स्कूप नाहीतर ठरलेली वाटी, आणि काट्यावर दर तासाला दोन गोळे टाकून बघणं.

रश्श्याचा हिशेब आणखी फसवा. पाच लिटर रश्श्याला भाजलेला कांदा 1 किलो, सुकं खोबरं 250 ग्रॅम, लसूण 150, आलं 50, तेल 400 मिली, लाल तिखट 100 ग्रॅम, काळा मसाला 60-70 ग्रॅम, मीठ 60 ग्रॅम. प्लेटला 250 मिली धरले तर वीस प्लेटी दिसतात. पण आपल्याकडे ‘भाऊ, थोडा रस्सा’ असं न म्हणता कोणी उठत नाही, आणि त्याला नाही म्हणणारं सेंटर टिकत नाही. म्हणून सुरुवातीपासूनच 400 मिली धरा, म्हणजे पाच लिटरमध्ये बारा प्लेटी. दर त्यावर लावा आणि मग हसतमुखाने वाढा.

शेवभाजीची शेव रश्श्यात आधी कधीच टाकू नका. प्लेटला 60 ग्रॅम जाड तुरखाटी शेव आणि वरून उकळता रस्सा, तोही गिऱ्हाईक बसल्यावर. पाच मिनिटं आधी टाकली की लगदा होतो, आणि रस्सा शोषून घेतल्यामुळे तो पुन्हा मागितला जातो. पार्सलला शेव वेगळ्या पुडीत द्या. तिखट नंदुरबारच्या बाजारातून हंगामात वर्षाचं घेतलं तर रंग एकसारखा राहतो. दर महिन्याला दुकान बदललं की तर्री कधी लाल, कधी विटकरी. महामार्गावर सेंटर असेल तर बाहेरगावचे लोकही येतात, तिथे रस्सा मध्यम ठेवून तर्री वेगळ्या भांड्यात ठेवा.

गाळा

तीन दिवस, त्यात एक आठवडे बाजाराचा, सकाळी 8 ते 10, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 9 समोर उभं राहून माणसं मोजा. वाहनं मोजू नका, पायी चालणारे आणि थांबणारे मोजा. बसस्टँड, कोर्ट-तहसील, मार्केट यार्ड, दवाखान्यांची गल्ली, क्लासेसचा भाग, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं. कोर्टासमोरचा गाळा रविवारी मेलेला असतो. कॉलेजसमोरचा मे महिन्यात ओस पडतो, म्हणून त्याचं वर्ष दहा महिन्यांचं धरा. बसस्टँड लग्नसराईत तुडुंब.

सूर्य कुठे मावळतो ते बघा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या गाळ्यावर एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी साडेसहापर्यंत ऊन समोरून आत येतं. पाव वाळतो, काउंटर तापतो, गिऱ्हाईक उभं राहत नाही. नाश्त्याचा धंदा मुख्य असेल तर चालेल, संध्याकाळचा असेल तर पूर्वेकडे तोंड असलेला गाळा थोडं जास्त भाडं देऊनही स्वस्त पडतो.

पाण्याचं गणित गाळा घेण्याआधीच करा, कारण आपल्या बऱ्याच शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. भांडी, पिणं, स्वयंपाक मिळून गिऱ्हाईकामागे पाच लिटर धरा. 200 गिऱ्हाइकांना रोज हजार लिटर. पाणी तिसऱ्या दिवशी येत असेल तर तीन हजार लिटरची टाकी आणि तिचं वजन पेलणारी जागा हवी. टाकी गच्चीवर ठेवायला मालक हो म्हणाला का, हे तोंडी ठेवू नका.

भाडेकरार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. नुसता अकरा महिन्यांचा घेऊन लाख-दोन लाखांचं फर्निचर ठोकणं धोक्याचं. तीन वर्षांचा घ्या, दरवर्षीची वाढ आकड्यात लिहा, आणि धुराची नळी बाहेर काढायची परवानगी, व्यावसायिक वीज मीटर, सांडपाण्याची वाट या तीन गोष्टी करारात येऊ द्या. वर राहणारं कुटुंब धुराबद्दल तक्रार करणार, ती पहिल्याच महिन्यात येते.

कागदपत्रं

यात घाबरण्यासारखं काही नाही, पण काम उद्घाटनाच्या महिनाभर आधी सुरू करा.

अन्न सुरक्षा: फोस्कॉस या सरकारी पोर्टलवर उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना. कोणत्या उलाढालीला काय लागतं ते अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरच बघा, एजंटच्या पाठांतरावर जाऊ नका. मिळणारा 14 अंकी क्रमांक दर्शनी भागात लावायचा आणि बिलावरही छापायचा. बिलावरचा नियम 1 जानेवारी 2022 पासून आहे. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची दरवर्षी वैद्यकीय तपासणी करून दाखला फाइलला ठेवा.

शॉप अ‍ॅक्ट: वीसपेक्षा कमी कामगार असतील तर 2017 च्या कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. नगरपालिका किंवा महापालिकेच्या आरोग्य आणि अग्निशमन विभागात काय लागतं ते स्वतः जाऊन विचारा, गावागणिक फरक असतो. तराजूवर वजनमाप विभागाचा शिक्का घ्या. उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) फुकट आहे, तिचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका.

जीएसटी: वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की नोंदणी. साध्या पद्धतीत 5 टक्के, इनपुट क्रेडिट (माल घेताना भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. कंपोझिशन (छोट्या धंद्यांसाठीची सोपी योजना) घेतली, दीड कोटीपर्यंत घेता येते, तरी 5 टक्केच, पण तो गिऱ्हाइकाकडून वेगळा लावता येत नाही, तुमच्या गल्ल्यातून जातो. मेनूवरचा दर लिहिताना हे डोक्यात असू द्या.

कर्जासाठी मुद्रा योजनेत शिशू गट 50 हजारांपर्यंत आणि किशोर 5 लाखांपर्यंत आहे. बहुतेक छोटी सेंटरं किशोरमध्ये बसतात. मात्र यंत्रांचं कर्ज घेऊन खेळतं भांडवल शून्य ठेवू नका. तीन महिन्यांचं भाडं, पगार आणि किराणा बाजूला काढल्याशिवाय शटर उघडू नये.

भट्टी, तेल आणि आग

गॅस 19 किलोचा व्यावसायिकच. घरगुती लाल सिलिंडर गाळ्यात सापडला तर कारवाई होते, शिवाय त्याच्या घरगुती रेग्युलेटरचा दाब मोठ्या भट्टीला पुरत नाही. मोठी भट्टी पूर्ण आचेवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस खाते, म्हणजे एक सिलिंडर 20-25 तास. दोन चालू, दोन शिल्लक ठेवा. सिलिंडर भट्टीशेजारी नको. बाहेर हवेशीर जाळीत ठेवून तांब्याची लाइन आत आणा.

तळण 170 ते 180 अंशांवर चालतं. दोन-तीनशे रुपयांचा प्रोब थर्मामीटर घ्या, कारागीर हसला तरी. कचोरीला मात्र 140-150 ची मंद आच लागते, म्हणून वड्याच्या घाईत कचोरी टाकली की बाहेरून लाल आणि आतून कच्ची निघते.

वडा तेल पितो तेव्हा बहुधा तीनपैकी एक चूक असते: तेल थंड होतं, एका वेळी कढईत जास्त वडे टाकले, किंवा सोडा जास्त पडला. एक किलो बेसनाला 50 ग्रॅम तांदळाचं पीठ, 15 ग्रॅम मीठ, दोन चमचे कडकडीत तेल आणि फार तर 2-3 ग्रॅम सोडा, पाणी साधारण 1.1 लिटर. वडा फुटतो तो गरम भाजीमुळे. उकडलेला बटाटा परातीत पसरून पूर्ण गार केल्याशिवाय गोळे वळले की आतली वाफ पीठ फोडून बाहेर येते, आणि कढईभर भाजी तरंगते. कोल्ड स्टोरेजचा बटाटा गोडसर होतो आणि तळताना लवकर काळपटतो. पोत्यातून चार बटाटे उकडून चव बघूनच पोतं उचला.

तेलाचा नियम: त्यातल्या पोलर घटकांचं (तेल पुन्हापुन्हा तापून तयार होणाऱ्या खराब घटकांचं) प्रमाण 25 टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही, हे 2018 पासून बंधनकारक आहे. मोजायला मीटर मिळतो. तो नसेल तर तेल काळसर-दाट झालं, कमी आचेवरच धूर यायला लागला, बारीक फेस धरून राहिला, की काढून टाका. रोज रात्री कोमट झाल्यावर कापडातून गाळा, कारण जळलेले बेसनाचे कणच तेलाला लवकर मारतात. काढलेलं तेल नाल्यात ओतू नका आणि टपरीवाल्यालाही देऊ नका, बायोडिझेलसाठी ते गोळा करणारे आहेत.

कढईशेजारी तिला झाकेल एवढं जाड झाकण कायम हवं. तेल पेटलं तर गॅस बंद, झाकण वर. पाणी ओतलं तर पेटतं तेल उडून छताला लागतं. तेलाच्या आगीसाठी के-प्रकारचं अग्निशामक असतं. लाल सिलिंडर दिसला म्हणून कोणताही घेऊ नका.

‘शुद्ध शाकाहारी’ हा बोर्ड लावल्यावर

हा बोर्ड लावणं सोपं, पाळणं कठीण. सँडविचचं मेयोनीज अंड्याचं असू शकतं, डबा उलटून हिरवा ठिपका बघा. कामगारांनी घरून डब्यात आणलेलं अंडं गाळ्यात नको, हे नोकरीवर घेतानाच स्पष्ट सांगा. श्रावणात, एकादशीला, चतुर्थीला गिऱ्हाईक साबुदाणा वडा मागतं. तो भजीच्या तेलात तळला तर उपवास मोडला. त्याला छोटी कढई, वेगळा झारा, वेगळं तेल. जैन गिऱ्हाइकासाठी कांदा-लसूण-बटाट्याशिवायचा एक तरी पदार्थ ठेवा, आणि नसेल तर ‘नाही’ म्हणा. कांदा वेचून काढून दिलेली प्लेट एकदा उघड झाली की अख्खी गल्ली जाते.

उन्हाळा

शिजलेलं अन्न 60 अंशांवर गरम ठेवा किंवा 5 अंशांखाली गार, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नको. रस्सा मंद आचेवर वाफाळत राहू द्या. उकडलेला बटाटा मे महिन्यात दोन हप्त्यांत उकडा, सकाळचा सकाळी, संध्याकाळचा दुपारी चारला. ओल्या खोबऱ्याची चटणी उन्हाळ्यात बंद; शेंगदाणा-लसणाची कोरडी चटणी आणि ठेचा पुरतो. दुपारी 1 ते 4 शटर खाली ओढा. त्या वेळात गिऱ्हाईक नसतं, गॅस आणि माणूस तेवढे जळतात. वीज गेली तर डीप फ्रीज उघडायचा नाही, तो भरलेला असेल तर बंद राहूनही काही तास गार राहतो.

माणसं

एक कारागीर, एक हेल्पर, एक काउंटरवर, एक भांड्यांना. वडा आणि रस्सा मालकाला स्वतःला आला पाहिजे. लग्नसराईत आचाऱ्यांकडे रोजावर जास्त पैसे मिळतात, तेव्हा चांगला कारागीर एका फोनवर जातो. सातपुड्याकडची पोरं होळी-भोंगऱ्याला (होळीआधीचा आदिवासी बाजार-सण) गावी जाणारच, आखाजीलाही (अक्षय तृतीया) सुट्ट्या लागतात. हे दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करा, त्या आठवड्यात मेनू तीन पदार्थांवर आणा. चौदा वर्षांखालचं पोर कामाला ठेवू नका, नात्यातलं आहे ही सबब चालत नाही.

पॅकिंग

वर्तमानपत्रात वडा बांधून देणं बंद करा; शाई तेलात उतरते आणि नियमानेही ते चालत नाही. प्लॅस्टिकचे चमचे, कप, प्लेटा 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहेत. साधा पांढरा फूड-ग्रेड कागद, लाकडी चमचा, रश्श्याला घट्ट झाकणाचा डबा. डब्याचे पैसे पार्सलवर वेगळे लावता येतात, फक्त बोर्डावर लिहून लावा.

पहिले तीस दिवस

उद्घाटनाचा गाजावाजा करण्याआधी दहा दिवस नुसतं शटर उघडून धंदा करा. वेळ सकाळी 6:30 ते 11 आणि संध्याकाळी 4 ते 9. रोज रात्री वहीत चार आकडे: किती केलं, किती विकलं, किती उरलं, किती फुकट किंवा उधार गेलं. उधारीची वही गल्ल्यात ठेवू नका, ठेवली की ती भरते; क्यूआर कोड गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर चिकटवा. पोहे साडेनऊनंतर उरत असतील तर दुसऱ्या दिवशी अर्धा किलो कमी भिजवा. संपल्यामुळे परतलेलं गिऱ्हाईक उद्या लवकर येतं, शिळे पोहे खाल्लेलं येत नाही. दहाव्या दिवशी वहीतला सगळ्यात कमी खपलेला पदार्थ बोर्डावरून काढा. नवा पदार्थ लगेच वाढवू नका. तीस दिवस झाल्यावर वही उघडा: संध्याकाळी सहा ते आठमध्ये कढईसमोर रोज रांग लागत असेल, तर पुढचा खर्च दुसऱ्या कढईचा, खुर्च्या आणि एसी नंतर.